खांदेपालट

गोष्ट माझी नाही, हे आधीच सांगतो. भीमराजची आहे. त्याने मला ती सांगितली त्याला तीन वर्षं झाली, आणि या तीन वर्षांत मी ती मनात इतक्या वेळा घोळवली आहे की त्यातले काही शब्द आता त्याचे आणि काही माझे झाले असतील. तेवढं सांभाळून घ्यावं.

परवा शनिवारी मुलुंडला आमच्या भागातले लाईट गेले, तेव्हा ती मी पहिल्यांदा मोठ्याने सांगितली. उकडत होतं म्हणून गच्चीवर सतरंजी टाकली होती. शेजारच्या वसुधाबाईंची दोन्ही मुलं वर आली. थोरला नंदू पवईला इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर राहतो, शनिवारी आईच्या हातचं जेवायला येतो. धाकटी कुंदा यंदाच मेडिकलला लागली. मी जिथे जन्मभर शरीररचना शिकवली त्याच कॉलेजात. ती मेणबत्ती आणि जाडजूड पुस्तक घेऊनच आली होती.

"नाना, सोमवारी टेस्ट आहे. अप्पर लिंबचे सगळे सांधे, सगळी लिगामेंट्स. वाट लागणारे माझी."

"हिला खांद्यावर डोकं आहे का ते आधी तपासा," नंदू म्हणाला.

"तू गप रे. नाना, माझ्याच हातावर दाखवा ना."

मी तिला पुस्तक मिटायला सांगितलं. "गळ्याखाली मधोमध खळगा लागतो, तिथे बोट ठेव. आता जरा उजवीकडे. हाडाचं टोक लागलं? तेच क्लॅविकल, खांद्यापर्यंत आडवं जातं ते. खांदा वर उचल. बोटाखाली हललं?"

"हललं."

"तोच सांधा. तुझा सगळा हात, अगदी नखापर्यंत, हाडाने धडाला जोडलेला आहे तो फक्त तिथे. बाकी सगळं स्नायूंनी आणि दोऱ्यांनी टांगलेलं."

अंधारात नंदूनेही आपल्या गळ्याशी बोट नेलेलं मला दिसलं. "एवढ्याशा सांध्यावर?"

"एवढ्याशा. तिथे सोडवलं की खांद्यासकट सगळा हात वेगळा होतो."

"तसा एक आहे ना आमच्या म्युझियममध्ये," कुंदा म्हणाली. "उजवा. सीनिअर म्हणतात परीक्षेला दरवर्षी तोच ठेवतात. काय झकास काम केलंय हो कोणी! एकेक लिगामेंट सुटं दिसतं. आणि क्लॅविकल तर असं साफ, एक रेघ नाही त्याच्यावर. चित्रासारखं."

मी विचारलं, "साफ आहे?"

"एकदम. का हो?"

मेणबत्ती वाऱ्याने विझली आणि ती पुन्हा लावायला कोणी उठलं नाही. मी म्हटलं, "नंदू, तू रात्री हॉस्टेलवर तळ्याच्या रस्त्याने जातोस ना?"

"मग? लाईट आले की निघालोच."

"मग ऐकून जा."

*

भीमराज इंगळे आमच्या विभागात लेक्चरर होता. वडील विदर्भातून येऊन गिरणीत लागले, तिथेच थकले आणि वारले. आई चंपाबाई आणि तो भांडुपला राहायचे. घरात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर आणि पुस्तकं. भुताखेताचा विषय निघाला की तो हसायचा. म्हणायचा, "सर, आमच्या घरात देवांनाच जागा नाही, भुतं कुठे ठेवू?"

त्याचा हात असा होता की तसा मी दुसरा पाहिला नाही. चिमट्याने चरबी उचलून खालचा बंध मोकळा करताना त्याला श्वास घेतानाही कोणी पाहत नसे. सर्जरीच्या एम.एस.ची सीट त्याला मिळाली होती. जानेवारीत तो जाणार होता. चंपाबाईंनी वस्तीत पेढे वाटले होते आणि मला डबा भरून पाठवले होते. त्याचं सगळं पुढचं आयुष्य त्या उजव्या हातावर होतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि त्याच्या आईलाही.

वर्गात तो हाडं शिकवायचा ती स्वतःच्या अंगावर. शर्टाची वरची दोन बटणं काढायचा, समोरच्या मुलाला बोलवायचा आणि म्हणायचा, "लाव बोट. गळ्यापासून सुरू कर, बाहेर ये. लाजू नको, मी लग्नाचा आहे पण तुझ्याशी नाही." मुलं हसायची. मग एकामागून एक येऊन त्याच्या क्लॅविकलवरून बोट फिरवायची. मीही एकदोनदा फिरवलं असेन. साफ, बाकदार, कुठे खाच नाही, उंचवटा नाही.

त्या वर्षी आमच्या डिसेक्शनच्या टेबलांवर चार जण होते. चौघंही बेवारशी. त्यातला एक पन्नाशीचा, ठेंगणा, काटक. नाव कोणाला माहीत नव्हतं. त्याच्या उजव्या खांद्यावर कातडीचा जाड घट्टा होता. आमचा शिपाई गुणाजी तळकोकणातला. तो बघून म्हणाला होता, "ह्यो पालखीचो खांदो, सर. आमच्याकडचो दिसता."

भीमराजने त्याच खांद्याचं स्पेसिमेन करायला घेतलं. वर्षभर फावल्या वेळात तो त्यावर वाकलेला असायचा. कातडी गेली, स्नायू गेले, शेवटी हाडं आणि त्यांना धरून ठेवणारे बंध तेवढे उरले. खांद्याच्या पुढच्या टोकापासून क्लॅविकलला जाणारा बंध तर करंगळीएवढा जाड होता. ओझं त्याच बंधावर पडतं. सबंध हात म्युझियमला ठेवण्याजोगा झाला. एकच खोट होती. त्या माणसाचं क्लॅविकल कधीतरी मोडलेलं होतं. कोणी बसवलं नसावं, आपोआप जुळलेलं, त्यामुळे मध्याच्या जरा पुढे सुपारीएवढी गाठ...

"गाठ?" कुंदा म्हणाली. "कुठली गाठ? नाना, त्याच्यावर तर..."

"थांब. पुढे ऐक."

"पण मी स्वतः..."

"कुंदा, थांब म्हटलं ना."

ती थांबली.

*

पंच्याऐंशी साल. वीस नोव्हेंबर, बुधवार. दिवाळी होऊन आठवडा झाला होता.

त्या दिवशी दुपारी ते चौघं स्मशानात गेले. वर्षाचं काम संपलं की उरलेलं सगळं नीट बांधून व्हॅनने पाठवतात. तिरडी नसते, खांदा नसतो. गुणाजी आपल्या समाधानासाठी चार फुलं टाकतो, तेवढीच. म्युझियमसाठी काही राखायचं असेल तर मागे ठेवतात, तशी रीतच आहे. भीमराजने तो उजवा हात मागे ठेवला. ट्रेमध्ये, ओल्या फडक्याखाली.

त्याच संध्याकाळी तो मरोळला गेला. तिथल्या एमआयडीसीत एक कारागीर ॲक्रिलिकच्या पेट्या करून द्यायचा. हाताच्या मापाची पेटी सांगितली होती, ती आणायची होती. साधं काम. पण चिकटवलेले सांधे वाळले नव्हते, म्हणून तो बसून राहिला. चहा झाला, दुसरा चहा झाला. निघाला तेव्हा दहा वाजून गेले होते. बस मिळेना. साकीनाक्याहून त्याने पवईमार्गे जाणारी रिक्षा धरली, आणि तळ्याच्या अलीकडे क्लचची वायर तुटली.

रिक्षावाला म्हणाला, "वाट लागली, साहेब. मी इथेच झोपतो. तुम्ही पुढे चालत जा, हायवेला काहीतरी भेटेल."

तो चालू लागला. तुम्हाला आताचा रस्ता माहीत आहे. तेव्हा एका बाजूला दगडाच्या खाणी, दुसरीकडे झाडी आणि तिच्यामागे पाणी. दिव्याचे खांब होते, पण बरेच विझलेले. अर्धा चंद्र होता. काखेत ती रिकामी पेटी. सबंध हात मावेल एवढी.

पुढे काहीतरी जात होतं.

आधी त्याला वाटलं, कामगार लांब काहीतरी उचलून नेताहेत. जवळ गेल्यावर कळलं, तिरडी आहे. तिघंच जण होते. दोन पुढे, एक मागे. मागचा उजवा कोपरा रिकामा, त्यामुळे तिरडी त्या बाजूला कलली होती आणि बांबूचं टोक डांबरावर घासत होतं. मला तो म्हणाला, सर, पहिल्यांदा मला भीती वाटली नाही. कीव आली.

एवढ्या रात्री प्रेत नेत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. पण गरिबाच्या वाट्याला काय येईल सांगता येत नाही. हॉस्पिटलने उशिरा दिलं असेल. माणसं जमली नसतील. तो जवळ आला तसे ते थांबले. मागचा माणूस वळला नाही. नुसता म्हणाला,

"वायच खांदो देशात काय?"

खांदा नाकारायचा नाही, एवढंच एक त्याच्या वडिलांनी त्याला शिकवलं होतं. देव मानू नको, नवस करू नको, पण रस्त्यात कोणी खांदा मागितला तर चप्पल काढ आणि दे. वडील गेले तेव्हा सगळी वस्ती आलटून पालटून खांद्याला होती.

त्याने चपला काढल्या. विचारलं, "किती लांब?"

"विसाव्यापर्यंत."

"ही पेटी आहे माझी."

"वर ठेव."

त्याने पेटी तिरडीवर ठेवली. चादरीत गुंडाळलेल्या देहाच्या उजव्या बाजूला. पडेल असं त्याला वाटलं होतं. पडली नाही. जागा होती तिथे. नेमकी तेवढीच.

तिरडीच्या उजव्या अंगाला चालणाऱ्याच्या डाव्या खांद्यावर बांबू येतो. तसा त्याने घेतला. निघाले.

*

कोणी रामनाम घेत नव्हतं. पावलांचाही आवाज येत नव्हता, असं तो म्हणाला, पण ते मला खात्रीने सांगता येणार नाही. अनवाणी पावलांचा आवाज येतोच कितीसा.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "कोण होते?"

"आमच्यातलोच."

"घरचं कोणी नाही आलं?"

...

"कशाने गेले?"

...

"कधी?"

"वरीस झाला," मागचा म्हणाला.

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मालवणी त्याला नीट कळायची नाही. त्याने पुन्हा विचारलं नाही.

मग त्याच्या लक्षात आलं की तिघांपैकी कोणीही बांबू हाताने धरलेला नाही. आपण खांद्यावर काठी घेतली तरी हात आपोआप वर जातो. या तिघांच्या अंगावर जाड पांघरुणं होती आणि ती खांद्यापासून सरळ खाली पडली होती. सरळ. आत काही नसल्यासारखी.

कुंदा हळूच म्हणाली, "टेबलावर आधी अप्पर लिंबच सोडवतात. हात."

मी मान हलवली. अंधारात तिला ती दिसली नसावी.

भीमराजने नजर वळवली. आणि वळवली ती नेमकी तिरडीवर. देह पाय पुढे करून होता, त्यामुळे डोकं याच्या तोंडाशी. चादर ओली होती. ओली चादर अंगाला चिकटते, आकार दाखवते. डोकं. मान. डावा खांदा, गोल. उजवा...

हे नीट ऐका. खांदा निखळला तर त्याची गोलाई जाते, पण क्लॅविकल जागेवर असतं. वरची कड दिसते. अपघातात हात तुटला तरी काहीतरी उरतं. इथे काहीच नव्हतं. मानेपासून चादर सरळ खाली उतरली होती. गळ्याच्या खळग्यापासून. मघाशी तुम्ही बोट ठेवलंत ना... तिथून.

अशी जागा अपघाताने होत नाही. तिथला सांधा सोडवायला सुरी आतून वळवून घ्यावी लागते. एका ठरावीक कोनात. तो कोन त्याने स्वतः शोधला होता, आणि आम्हाला सगळ्यांना दाखवला होता.

त्याला वास आला. फॉर्मॅलिनचा.

पळावंसं वाटलं. पण खांद्यावरची तिरडी टाकायची कशी? तुम्ही हसाल. मलाही नंतर वाटलं, टाकायची होती, पळायचं होतं. पण तो बापाचा मुलगा होता. त्याला ते जमलं नाही.

तो म्हणाला, "उद्या आणून देतो."

तिरडी तशीच पुढे जात राहिली.

"माझ्याकडे आहे. नीट ठेवलाय. उद्या आणून देतो... इथेच. सांगाल तिथे."

पुढचे दोघं चालतच राहिले.

"अग्नी देतो. मी स्वतः देतो."

मग मागच्याने बांबू कलता केला.

"विसावो इलो."

*

रस्त्याच्या कडेला एक सपाट दगड होता. तिरडी खाली ठेवली. दगडावर ती टेकली तेव्हाही आवाज झाला नाही. विसाव्यावर काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. प्रेत टेकवायचं, घटकाभर थांबायचं, आणि मग उचलताना माणसांनी बाजू बदलायच्या. डावीकडचे उजवीकडे, मागचे पुढे. एकाच खांद्यावर ओझं राहू नये म्हणून. मंत्रिमंडळाच्या बातमीत आपण जो शब्द वाचतो तो तिथला आहे.

मागचा तो शब्द म्हणाला.

"खांदेपालट."

भीमराज थांबला. ते बाजू बदलतील, मग आपण बदलू.

कोणी हललं नाही.

तिघंही होते तिथेच उभे. तोंडं पुढे. पाठ त्याच्याकडे.

"कुठल्या बाजूला येऊ?" त्याने विचारलं.

...

"आता उजवो."

उजवा खांदा लावायचा तर तिरडीच्या डाव्या अंगाला जावं लागतं, आणि तिथे जागा रिकामी झाली नव्हती. तो कुठे जाणार? तो म्हणाला, "उजवा... कुठे?"

तेव्हा गार लागलं. गळ्याशी.

त्याने खाली पाहिलं. शर्टाची वरची दोन बटणं सुटलेली होती. त्याने सोडली नव्हती.

तिरडीवरचा डावा हात चादरीबाहेर आला होता.

एक बोट त्याच्या गळ्याच्या खळग्यात टेकलं. तिथे थांबलं. मग उजवीकडे सरकलं. क्लॅविकलच्या टोकावर. तिथून बाहेर... हळू... हाडावरून... जशी मुलं फिरवायची तसं. शिकल्यासारखं.



मध्याच्या जरा पुढे बोट थांबलं.

दाबलं.

एक आवाज झाला. काडी मोडल्याचा. दुखलं नाही.

दुखलं नाही, सर. तेवढं तो मला चारपाच वेळा म्हणाला.

*

पहाटे तीनच्या सुमारास माझ्या दारावर थाप पडली. उघडलं तर भीमराज. अनवाणी. डाव्या काखेत ती पेटी. कोणा ट्रकवाल्याने त्याला रस्त्यात चालताना पाहून मुलुंडला सोडलं होतं. तो कसा चालत होता, किती वेळ, ते त्याला आठवत नव्हतं.

मी त्याला बसवलं. पाणी दिलं. ग्लास त्याने डाव्या हाताने घेतला.

"उजवा दुखतोय का?"

"नाही."

"बोटं हलव."

हलवली. कोपर वाकवलं, मनगट फिरवलं, हात डोक्यावर नेला. काही अडत नव्हतं. मला हायसं वाटलं. माणूस घाबरला आहे, कुठेतरी पडला आहे, एवढंच. मी त्याला तसं म्हणणार होतो.

त्याने माझं बोट धरलं आणि आपल्या गळ्याशी नेलं. "फिरवा, सर."

मी फिरवलं.

मध्याच्या जरा पुढे गाठ लागली. सुपारीएवढी.

मी म्हटलं, मोडलंय, पडलास तू. पण बोलता बोलता मला कळत होतं की ते खोटं आहे. ताजं मोडलेलं हाड हात लावू देत नाही. सूज असते, काळंनिळं असतं. ही गाठ टणक होती. थंड होती. वर्षानुवर्षांची.

सकाळी एक्स-रे काढला. फिल्म बघून डॉक्टर म्हणाले, "जुनं आहे हो हे. पंधरावीस वर्षं तरी झाली असतील. लहानपणी झाडावरून पडला होतात का?"

भीमराज म्हणाला, "मी झाडावर कधी चढलो नाही."

बाहेर येऊन तो जिन्यातच बसला. म्हणाला, "सर, हा हात घेऊन मी कोणाच्या पोटात सुरी घालू? हा माझा नाही."

मी त्याची समजूत घातली. काय बोललो ते आठवत नाही. अशा वेळी माझ्यासारखी माणसं खूप बोलतात. शेवटी तो उठला. म्हणाला, "मी शब्द दिलाय. तो हात आजच्या आज जाळायचा. मग बघू. कदाचित... मग बघू."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं.

आम्ही विभागात गेलो. गुणाजीने कुलूप काढलं आणि बाहेरच थांबला. ट्रे टेबलावर होता तसाच. ओलं फडकं तसंच. भीमराजने ते डाव्या हाताने उचललं.

काम त्याचंच होतं. कोपराचे बंध, मनगटाचे बंध, सगळे त्याने सोडवले होते तसे. खांद्याच्या पुढच्या टोकापासून वर जाणारा तो बंध...

तो आता करंगळीएवढा नव्हता. सगळ्यांचा असतो तेवढाच होता.

आणि त्याच्यावरचं क्लॅविकल साफ होतं. बाकदार. कुठे खाच नाही, उंचवटा नाही.

भीमराजने डाव्या हाताचं बोट त्यावर ठेवलं आणि टोकापासून टोकापर्यंत नेलं. मग तेच बोट स्वतःच्या गळ्याशी नेलं. मग पुन्हा ट्रेमधल्या हाडावर.



"सर," तो म्हणाला, "आता हा जाळू?"

कोणाचा हात कोणाच्या नावाने जाळायचा, हे कुठल्या पुस्तकात आहे? दिला शब्द पाळावा तर त्याचा स्वतःचा हात आगीत जात होता. न पाळावा तर पुन्हा कधी, कुठल्या रस्त्यावर...

त्याने फडकं पुन्हा ओलं करून आणलं. त्या हातावर पसरलं. कडेने खोचलं. झोपलेल्या पोरावर पांघरूण घालतात तसं.

दुसऱ्या दिवशी तो हात त्या पेटीत ठेवला आणि पेटी म्युझियममध्ये गेली.

*

जानेवारीत भीमराज सर्जरीला गेला नाही. भांडुपला त्याचा छोटा दवाखाना आहे. ताप, खोकला, जुलाब. इंजेक्शन तो डाव्या हाताने देतो, पेशंटना वाटतं डॉक्टर डावखुरे आहेत. चंपाबाई अजून मला विचारतात, "सर, पोराचं काय चुकलं?" मी म्हणतो, काही नाही. अधूनमधून त्याचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलतो आणि ठेवता ठेवता विचारतो, "सर, तिथलं पाणी वेळेवर बदलतात ना? पेटीला कुठे चीर नाही ना गेली?"

मी सांगतो, ठीक आहे सगळं. पण मी पाहिलेलं नसतं. त्याच साली मी निवृत्त झालो आणि त्या खोलीत पुन्हा गेलो नाही.

का गेलो नाही, तेही सांगतो. रात्रभर जागरण झालेलं, वय झालेलं, मन ठिकाणावर नाही. त्या सकाळी मी जे पाहिलं ते नीट पाहिलं का? गाठ असेल आणि मला दिसली नसेल. भीमराजची गाठ खरोखर लहानपणची असेल आणि आम्हा कोणाच्या बोटांना कधी लागली नसेल. जन्मभर मी मुलांना सांगत आलो की नजर फसवते. मग माझी का नाही? तीन वर्षं मी या एका "असेल" वर झोपत होतो.

आणि परवा कुंदा, मी काही विचारलेलं नसताना...

गोष्ट संपली तेव्हाही लाईट आले नव्हते. नंदू उठला नाही. म्हणाला, "मी आज इथेच झोपतो, नाना. सकाळी जाईन." एरवी चिडवलं असतं, आज त्याला कोणी चिडवलं नाही. कुंदाचं बोट गळ्याशी होतं.

आज सोमवार. संध्याकाळी ती कॉलेजातून परस्पर माझ्याकडे आली. बॅग खांद्यावरून काढली नाही, बसली नाही. दारातूनच म्हणाली,

"नाना, तोच ठेवला होता. प्रश्नाचा बाण क्लॅविकलवर होता."

"मग?"

"सरांनी विचारलं, यात काही दोष दिसतो का. मी पेटीला डोळा लावून पाहिलं. सगळीकडून पाहिलं. मी म्हटलं, नाही. नॉर्मल आहे."

"आणि सर?"

"म्हणाले बरोबर."